सुनेचा पासवर्ड आणि सासूबाईंची तक्रार

मी, घरात ‘धाकटी’ म्हणून ओळखली जाणारी, वय ३४ वर्षे, व्यवसाय संगणकाचे प्रोग्राम लिहिणे, राहणार बेकरीच्या वर, दुसरा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती व सासूबाईंसह राहते आणि घरूनच काम करते. आमच्या टीमचा सगळा कोड कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर असतो. आपला बदल पाठवताना आणि इतरांचा आणताना दर वेळी पासवर्ड मागितला जात असे. टाइप करताना स्क्रीनवर एकही अक्षर दिसत नाही, म्हणून चुकू नये यासाठी मी तो तोंडाने म्हणत असे.

पासवर्ड ‘सासूबाईजरागप्पबसा’ असा होता. जुना बदलायची वेळ आली तेव्हा सासूबाई पाठीमागे उभ्या राहून मी पडदे कसे उलटे लावले ते सांगत होत्या. सुचला तो दिला. त्यांची खोली भिंतीपलीकडेच आहे, हे ध्यानात आले नाही.

आज दुपारी सासूबाई बॅग भरून थोरल्या दिरांकडे निघाल्या व वाटेत माझ्याविरुद्ध तक्रार देण्यास या पोलीस ठाण्यात आल्या. “ही मला दिवसभर गप्प बसवते. मी तर कधी अवाक्षर काढत नाही,” असे त्या बराच वेळ सांगत होत्या. ठाण्यातून फोन आल्यावर मी लॅपटॉपसह हजर झाले. त्या गेल्या तर घर खायला उठेल, असे मी ठाण्यातील साहेबांना बाजूला घेऊन सांगितले. सासूबाईंसमोर सांगितले नाही.

नंतर मी सर्वांसमक्ष लॅपटॉपवर एसएसएच नावाच्या संगणकी चावीची जोडी तयार केली. एक भाग सर्व्हरला दिला, दुसरा लॅपटॉपमध्येच राहिला. दोन्ही एकमेकांना ओळखतात, पासवर्ड लागत नाही. तसे करून दाखवले.

“आणि लॅपटॉपच चोरीला गेला तर?” साहेबांनी विचारले.

त्यासाठी चावीवर गुप्त वाक्य घालता येते, ते सकाळी एकदा दिले की दिवसभर पुरते, असे मी सांगितले.

“ते मी घालणार,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी एका बोटाने, शब्द शब्द तोंडाने म्हणत ते घातले. ते माझ्याबद्दल होते. खात्रीसाठी लॅपटॉपने पुन्हा मागितले, तेव्हा त्यांनी आणखी मोठ्याने म्हटले. हवालदार पाणी प्यायला बाहेर गेले. ते वाक्य येथे नोंदवू नये, ही विनंती.

“मग भावजींकडे कधी निघताय?” मी विचारले.

“जाऊन कसं चालेल? सकाळी तुझं काम कोण सुरू करून देणार?”

त्यांनी तक्रार मागे घेतली आहे.

वरील मजकूर हवालदारांनी वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. ‘घर खायला उठेल’ हे वाक्य सासूबाईंनी दोनदा वाचायला लावले.