डिलिव्हरी बुधवारी

…आणि वर ती मलाच विचारते, "काय रे उमाकांता, सुटका झाली का?" सुटका! माझं मांजर तिकडे मशीनखाली तोंड मिटून पडलंय, दोन दिवस अन्नाला शिवलं नाही, आणि ही बाई सकाळी सकाळी दुकानाच्या पायरीवर उभी राहून, हसऱ्या तोंडानं, सुटका झाली का म्हणून विचारते! आता तुम्हीच सांगा, माणसानं काय समजायचं? संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही. पण बघा ना…

नाही, थांबा, आधीपासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा पोरगा उगाच कुणाबद्दल काहीबाही बोलतोय. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, आठवीतनं शाळा सोडली आणि बेंगळूरच्या चामराजपेटेत रत्नाकरमामांच्या शिवणकामाच्या दुकानात बसलो, तो अजून बसलोय. मशीनशी बोलायचं नसतं, म्हणून मला ते काम आवडतं. दुकानात आम्ही तिघं. मामा कापणार, मी शिवणार आणि तिसरा अस्तर. अस्तर म्हणजे आमचा बोका. राखाडी, मऊ, आणि कुठलाही कोट टेबलावर उलटा टाकला की हा आत जाऊन असा चपखल पसरायचा की मामा एकदा त्याच्यासकट इस्त्री करायला निघाले होते! तेव्हापासून नाव अस्तर.

तर ही गोष्ट त्र्याण्णव सालची. शुक्रवारी सकाळी अस्तर जेवला नाही. शनिवारी सकाळीपण नाही. मशीनखाली बसून राहिला, मधूनच पंजानं तोंड पुसायचा, लाळ गळायची, हाक मारली तर नुसता डोळे किलकिले करायचा. मी म्हटलं, "मामा, ह्याला दवाखान्यात नेऊ का?" मामा खडूनं रेघ मारता मारता म्हणाले, "आज काय आहे?" "शनिवार." "लग्नाचे अकरा सफारी कधी द्यायचेत?" "मंगळवारी." "मग मांजराला बुधवारी ने." म्हणजे बघा! आजारी पडायलासुद्धा आमच्याकडे ट्रायलची तारीख वेगळी आणि डिलिव्हरीची वेगळी!

पण माझ्या डोक्यात वेगळंच. हे साधं आजारपण नाही. कुणीतरी काहीतरी घातलंय ह्याला. कुणी? आता संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही. पण बघा ना, आमच्या शेजारी चंद्राबाई राहतात, आम्ही त्यांना अक्का म्हणतो. हप्पळ-संडिगे करून विकतात, आपले पापड-सांडगेच, पण बेंगळूरात हप्पळ म्हटलं नाही तर कुणी विकत घेत नाही. त्या गच्चीवर हप्पळ वाळत घालणार, आणि अस्तरला जगात झोपायला दुसरी जागाच नाही, तो नेमका हप्पळांवर. बरं, नुसता झोपला तर एक वेळ चालेल… जाऊ दे, पुढचं सांगत नाही. तर मागच्याच आठवड्यात अक्का गच्चीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या, "आता परत आलं ना हे मांजर, तर काय घालते बघ त्याला!" काय घालते? दूध तर नक्कीच नाही ना?

म्हणून शनिवारी चिकपेटेत बटणं आणायच्या निमित्तानं मी गेलो जनावरांच्या दवाखान्यात. मांजर नाही नेलं, एकटाच गेलो. का म्हणजे? आधी विचारून घ्यावं, एवढ्याशा कारणानं आणतात का म्हणून! नाहीतर सगळे हसायचे, हा बघा, ढेकर आली म्हणून मांजर घेऊन आला. दारातच कंपाउंडर बसलेले. मंड्याकडच्या खेड्यातला माणूस, मिशा अशा, आवाज असा की म्हैस आपण होऊन आडवी व्हावी. माझा आवाज तुम्ही ऐकताच आहात. तिथं तर तो आणखीनच आत गेला. मी कन्नडमध्ये म्हटलं, "सार्, नम्म बेक्कु… गप्प आगिदे." आमचं मांजर गप्प झालंय. बरोबर आहे की नाही? घरी आपण गप्पच म्हणतो, मला वाटलं कन्नडमध्येपण गप्पच असणार, अर्धे शब्द तर सारखेच आहेत!

त्यांनी विचारलं, "हौदा? एष्टायितु?" हो का? किती झाले? मी म्हटलं, "एरडु." दोन.

"दोन? मग झालंच की!" त्यांनी अशी टाळी वाजवली की बाकावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. "आता काही करायचं नाही. मुट्टबेडी! हात लावू नका. कोपऱ्यात बसेल, बसू दे. खाणार नाही, चालेल. स्वल्प कोमट दूध ठेवा. दोन दिवसांत सगळं ताने होरगे बरुत्ते!" म्हणजे सगळं आपोआप बाहेर येतं.

मी चाटच पडलो! मांजर न बघता ह्या माणसाला कोपरा कळला, उपास कळला, सगळं कळलं! मोठमोठ्या डॉक्टरांना जमत नाही. वर कौतुकानं विचारतात, "कुठलं दुकान?" मी सांगितलं, चामराजपेट, हप्पळाच्या चंद्राबाईंच्या शेजारी. "अरे, चंद्राक्का! आमच्या घरी हप्पळ त्यांचेच. आज संध्याकाळी जायचंच आहे मला!"

इथं माझ्या मनात पाल चुकचुकली. हे चंद्राबाईंचं गिऱ्हाईक! म्हणजे ती घालणार, आणि हा सांगणार हात लावू नका! संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही, पण बघा ना, साखळी कशी जुळते!

आणि रविवारी सकाळी अक्का पायरीवर हजर. "सुटका झाली का?" मी म्हटलं, "नाही." तर चेहरा पडला त्यांचा! खरंच पडला! म्हणाल्या, "अजून नाही? त्रास होत असेल रे बिचारीला." बिचारी? आमच्या बोक्याला बिचारी? पण मी कशाला दुरुस्त करू, बाईमाणसाशी असल्या विषयावर बोलायचं म्हणजे… मी आपला पायडल मारत बसलो. तासाभरानं परत आल्या. हातात खोकं. आणि त्यात जुनं लुगडं, धुऊन घडी घातलेलं. "हे खोकं घे, ह्यात ठेव. मऊ आहे लुगडं, डाग पडले तरी चालतील. आणि आडोशाला ठेव हं, पुरुषमाणसांनी बघत बसू नये." अहो, बघा ना! मांजर अजून जिवंत आहे, आणि ह्यांनी पेटी आणली, कापड आणलं! एवढी तयारी? मामांना म्हटलं, "मामा, आत्ताच नेतो ह्याला." मामा म्हणाले, "रविवारी दवाखाना बंद. कॉलर कर."

दुपारी अक्का तिसऱ्यांदा. दारात उभ्या राहून अगदी हळू आवाजात, "उमाकांता, डिलिव्हरी कधी रे?" आता हे मला कळलं. अक्कांचे दोन ब्लाउज आमच्याकडे शिवायला होते, आमसुली रंगाचे. मी म्हटलं, "बुधवारी."

"बुधवारी? अगदी वार ठरलाय?"

"मामांनी सांगितलंय."

"मामांना काय कळतं त्यातलं!"

"असं कसं अक्का, चाळीस वर्षं तेच करतायत."

अक्का मामांकडे असं बघायला लागल्या, असं बघायला लागल्या, की मामांनी शर्टाची बटणं तपासली. मग मला विचारतात, "किती आहेत?" मी म्हटलं, "दोन." "दोनच? एक मला देशील?"

आता मला सांगा, बाई स्वतःच्या दोन ब्लाउजांपैकी एक मागते! मी म्हटलं, "एक कशाला अक्का? दोन्ही तुमचेच की!"

तर त्यांच्या डोळ्यांत पाणी! पदर लावला डोळ्यांना. "एवढं बोलले मी त्या मुक्या जिवाला, आणि तू दोन्ही मला देतोस!" आणि गेल्या. मी तसाच बसलो, सुई वर, सुई खाली. दोन ब्लाउजांसाठी कुणी रडतं? मनात काहीतरी खात असल्याशिवाय? अहो, हिनंच घातलं! नक्की घातलं!

पण अस्तरकडे बघितलं आणि संशयबिंशय सगळं विसरलो. त्यानं कोमट दूध दोनदा चाटलं आणि लगेच ओकून टाकलं. मग माझ्या पायावर डोकं ठेवून पडला. एरवी हा माझ्या पायाला नख मारून जागा मागायचा, आता डोकं ठेवायला विचारत होता. ह्या दुकानात दिवसभर मी बोलतो तो फक्त ह्याच्याशी, मामांशी मी 'हो' एवढंच बोलतो. मी मामांना म्हटलं, "सोमवारी दवाखाना उघडला की मी जाणार. सफारी राहिले तर राहिले." एवढं मोठं वाक्य मी मामांसमोर पहिल्यांदा बोललो. मामांची कात्री थांबली. मग म्हणाले, "उशीच्या अभ्र्यात घालून ने. बटणाचा घे. नाडीचा नको, नख अडकेल." म्हणजे माणूस वाईट नाही.

सोमवारी अभ्र्यातून डोकं बाहेर काढलेला अस्तर, रिक्षात मी, आणि रिक्षावाला सारखा आरशातून बघतोय, "स्वामी, उशी हलतेय." दवाखान्यात शिरलो तर कंपाउंडर दारातच, मिशा फुललेल्या. "ओहो! बंतु! आलं! मरी एष्टु?"

मरी! अहो, कन्नडमध्ये मरी म्हणजे पिल्लू, हे मला काय माहीत नाही? जन्म गेला बेंगळूरात! पण हातात असं लुळं मांजर असताना कानाला फक्त मराठीच ऐकू येतं. मरी! मला वाटलं, मेलं का म्हणतायत. मग कळलं, पिल्लं किती म्हणून विचारतायत. मी म्हटलं, "कसली पिल्लं? हा बोका आहे!"

"बोका? मग गब्ब कसा?"

"गब्ब नाही, गप्प! गप्प!"

"गब्ब!"

"गप्प!"

आतून डॉक्टर बाहेर आले तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडासमोर ओठ फुगवून उभे. त्यांनी सोडवलं. गब्ब म्हणजे खेड्यातल्या कन्नडमध्ये गाभण. गाय गब्ब, म्हैस गब्ब. मला शहरातल्या पोराला काय माहीत? मी सांगितलं मांजर गाभण आहे, त्यांनी विचारलं किती महिने, मी म्हटलं दोन, आणि मांजराचे दोन महिने म्हणजे दिवस भरलेले! एवढा गप्प बसणारा माणूस मी, एक शब्द बोललो जन्मात, तो हा!

डॉक्टरांनी अस्तरचं तोंड उघडलं, जीभ वर केली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही काय काम करता?" जिभेखाली दोरा. जिभेला वेढा घालून खाली पोटात गेलेला. आमसुली रंगाचा.

म्हणजे अक्कांच्याच ब्लाउजचा! क्षणभर मला वाटलं, बघा! शेवटी निघाल्या की नाही अक्का! पण दोरा त्यांचा असला तरी गोळी कुणाची? उरलेल्या दोऱ्याची गोळी करून अस्तरकडे फेकायचं काम रोज संध्याकाळी कोण करतं? तो पंजानं उडवतो, मी हसतो… मामांना वाटतं मी मशीन पुसतोय. चार दिवस मी सगळ्या गल्लीवर संशय घेतला. फक्त एक माणूस राहिला होता.

डॉक्टरांनी जिभेखालचा वेढा कापला, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. मी विचारलं, "आता काय करायचं?" म्हणाले, "दोन दिवस रोज सकाळी इथं आणायचं, दाखवायचं. जास्त ओकला तर ताबडतोब, तेव्हा पोट उघडावं लागेल. आणि टोक दिसलं तर ओढायचं नाही. ताने होरगे बरुत्ते."

आपोआप बाहेर येतं! तेच वाक्य! पहिल्या वेळी चुकीचं होतं, आता बरोबर, आणि मला कसा विश्वास ठेवायचा हो? दोन दिवस मी त्याच्या वाळूच्या पाटीशेजारी बसून काजं केली. बुधवारी सकाळी दोरा बाहेर आला. मामांनी वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "रंग पक्का आहे." आणि तोंड फिरवून चष्मा पुसायला लागले. दुपारी अस्तरनं दहीभात खाल्ला.

संध्याकाळी अक्का आल्या, वाटीत दूध घेऊन. "झाली ना डिलिव्हरी? दोन?" मी दोन्ही ब्लाउज कागदात बांधून हातात दिले. त्यांनी कागद उघडला, ब्लाउज बघितले, खोक्यात बघितलं. रिकामं. माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, गब्ब, गप्प, दोरा, बोका. त्या म्हणाल्या, "सरी." म्हणजे बरं. पण कशी सरी! आता त्या बाईमाणसाला, तो बोका आहे हे मी पटवून कसं देणार? शेपटी उचलून?

तेव्हापासून सगळ्या गल्लीत एकच, उमाकांतानं दोन्ही पिल्लं बसवनगुडीतल्या कुणालातरी देऊन टाकली. आणि अस्तर? परत हप्पळांवर! पण आता त्याला कुणी हाकलत नाही. अक्का दूध ठेवतात पुढ्यात, "लेकरं शोधत येते रे बिचारी!" आणि माझ्याकडे वळून म्हणतात, "संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही, उमाकांता. पण बघ ना…"

मी काय बोलणार? मी आपला गप्प बसतो. गप्प हं! प! दोन्ही ओठ नीट मिटून!