तिवराच्या पानावरची पांढरी पूड

माझ्या घाबरटपणाला हसता ना, मग हे ऐकाच. भांडुपला राहायचो तेव्हा ह्यांनी काचेच्या टाकीत खाडीचं पाणी नि चिखल भरून दोन निवटे पाळले होते, म्हणजे ते चिखलावर उड्या मारत फिरणारे मासे. मधोमध वीतभर तिवराचं, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीचं, रोप लावलं होतं.

एके सकाळी हे कामावर गेले आणि बघते तर आमची तीन वर्षांची चिमी तिवराचं पान चाटतेय! पानावर पांढरी पूड. ह्यांनी कीडनाशक मारलं असणार, दुसरं काय? मी पदराने तिची जीभ खसाखसा पुसत दाराकडे धावले. दारात आमची नेहमीची कोळीणमावशी उभी.

"मावशी, पोरीने टाकीतल्या तिवरावरचं विष चाटलं हो!"

तिने पाटी उतरवली, आत येऊन टाकीतलं एक पान तोडलं आणि सरळ जिभेला लावलं.

"अगो बाय, मीठ हाय ते. खाऱ्या पाण्यात वाढतं ना झाड, मग नको ते मीठ पानातून भायेर टाकतं." मग टाकीत वाकून म्हणाली, "नि हे निवटे पाळतेस कशाला? कालवण कर की!"

मी, बी.एस्सी. झालेली बाई, आणि हे मला कोळीणमावशीने शिकवावं! सगळी पानं ओल्या फडक्याने पुसून ठेवली. दुसऱ्या सकाळी पाहिलं तर प्रत्येक पानावर पुन्हा मिठाचे बारीक कण चमकत होते. एवढंसं रोप, आणि एवढा कारभार!

हे अंघोळ करून बाहेर आले तेव्हा आम्ही मायलेकी टाकीवर वाकून एकेक पान चाटत होतो.