शेंदराखालचा स्क्रू

(मुरबाडकडच्या एका गावातली भातगिरणी. सप्ताहातली, काल्याच्या आदल्या दिवशीची दुपार. देवळाच्या भोंग्यावर भजन चालू आहे. गिरणीवाला कोंडू, त्याची बायको शकू, वाशिंदच्या कंपनीत कामाला असलेला पुतण्या मनोज.)

मनोज : परत घसरला. काका, खाच पार गुळगुळीत केलीत तुमी. स्क्रूड्रायव्हर टेकतच नाय.

कोंडू : जोर कोण काढतोय सकाळपास्नं? तूच ना?

मनोज : मी आलो तेव्हाच अर्धी गेली होती. बाकीचे स्क्रू लोण्यातनं निघाल्यासारखे निघाले. हा पुढचाच कसा काय फुल जाम?

शकू : चा ठेवलाय. आधी प्या, मग भांडा.

कोंडू : चा नको गो. हा स्क्रू काढून ही जाळी बदलल्याबिगर माझ्या घशाखाली काय उतराचं नाय. फाटक्या जाळीतनं अख्खा तांदूळ कोंड्यात चाललाय. उद्या प्रसादाला गावाच्या पानात काय वाढू, कोंडा?

मनोज : छिन्नी द्या. एका ठोक्यात फिरवतो.

कोंडू : बीड हाय ते, ओतीव लोखंड. तडकलं म्हंजी गिरणीच गेली.

मनोज : मग ऱ्हाऊ द्या. तसा पण टेंपो नाक्यावर उभा आहे.

कोंडू : कसला टेंपो?

शकू : मनोज, तू चा पी.

कोंडू : बोलू दे त्याला. कसला टेंपो?

मनोज : माझ्या मित्राचा. पोती भरायची, शहापूरच्या मिलवर टाकायची, पॉलिश करून कीर्तनाच्या आधी परत. सप्त्याच्या मंडळात सगळे हो बोलले.

कोंडू : सगळे. मला नाय कोणी इचारलं.

मनोज : काका, राग मानू नका. उद्या पंगती बसणार. टाइम नाय आपल्याकडं.

कोंडू : घरटी पायली पायली करून गोळा केलेलं भात हाय ते. देवाचं भात गावातच भरडतात. तिकडं कोणाच्या भातात काय मिसळंल, तुला कळंल?

मनोज : मी बोललो तसं. तर म्हणाले, देवाला काय कळतंय मिल कुठली ते.

शकू : कोण म्हणाला? नाव सांग. उद्या त्याच्या पानात नुसतं मीठच वाढते.

कोंडू : राहू दे नाव. वर्षभर सगळे तिकडंच जातात. पांढराफेक तांदूळ पायजे सगळ्यांना. मी कधी कोणाला आडवा गेलो नाय. पण या गिरणीला आता हे सप्त्याचं भातच उरलंय, मनोज. ते एकदा बाहेर गेलं का मग मी हितं बसून काय करू? पट्ट्यावरची धूळ पुसू?

मनोज : असं बोलू नका ना.

कोंडू : मग कसं बोलू?

मनोज : काकी, तो टॉर्च मारा जरा. बघतो परत. हा गंज बघा, काठानं लालेलाल झालाय.

शकू : सरक. बोट लावू दे. मेल्या, गंज असा चिकट लागतो? शेंदूर हाय हा. दर दसऱ्याला मीच लावते, तेलात कालवून. सासूबाईंनी दावलेलं, का हा पुढला स्क्रू म्हंजी गिरणीचं कपाळ.

मनोज : म्हणजे मी एवढा वेळ खालीपिली शेंदराशी कुस्ती खेळतोय? काका, खरवडून टाकू. खाच त्याच्यातच बुजली आहे.

कोंडू : हात लावू नको.

मनोज : का?

कोंडू : गिरणी आणली तवा माझ्या बापानं लावलेला शेंदूर तळाला हाय. तो तू टोकरून काढणार?

शकू : एक मिनिट. तुमाला ठाव होतं हे?

कोंडू : काय?

शकू : स्क्रू कशानं अडलाय ते.

कोंडू : ठाव होतं. म्हणून तर वरच्यावर फिरवाया बघितलं. शेंदूर पण राहील, स्क्रू पण निघंल.

शकू : आन खाच घालवून बसलात. परवा कीर्तनात बुवा काय सांगत होते? देवाची शेंदराची खोळ सुटते, तवा गाव रडत बसत नाय. वाजतगाजत पाण्यात सोडतं. आतला देव कुठं जात नाय, उलट त्याचं नाकडोळं दिसायला लागतात.

कोंडू : तू झोपली होतीस तवा.

शकू : मी डोळं मिटून ऐकत होते. मान तुमची पडलेली. मी ताम्हन आणते. सगळा त्याच्यात धरायचा, उद्या काला झाला का नदीला सोडू. आन खरवडणार मी. लावला मीच.

कोंडू : शकू.

शकू : आता काय?

कोंडू : नमस्कार करू दे आधी.

शकू : करा. मी पण करते.

मनोज : हळू काकी. हां, असंच. थरावर थर आहेत. थोडं डिझेल सोडा आता, मुरू द्या. दिसली खाच, पण काठ गेलेत.

कोंडू : करवतीचं पातं घे. आहे त्याच खाचेत खोल जा. दाबू नको, पातं आपलं आपण कापतं.

शकू : तुझा फोन वाजतोय.

मनोज : टेंपोवाला असंल. वाजू द्या. काका, मी स्क्रूड्रायव्हर वरनं दाबून धरतो, तुमी त्याला पाना लावून फिरवा.

कोंडू : घट्ट धर रे.

मनोज : धरलाय. फिरवा.

कोंडू : हलत नाय.

मनोज : पण घसरला पण नाय. परत.

कोंडू : थांब. आधी आवळायच्या अंगाला जरासा देतो, मग उलटा. शकू, तू काय पुटपुटतेस?

शकू : तुमी तुमचं काम करा, मी माझं करते.

मनोज : करकरला. काका, करकरला तो.

कोंडू : बोलू नको. येतोय. येतोय बघ.

शकू : आला?

मनोज : हातात आहे माझ्या.

कोंडू : जाळी दे. नवी. खालनं धर. दुसरा स्क्रू डब्यात हाय, तो लाव. लागला? मोटार टाक. शकू, पोतं ओत, थोडं थोडं. मनोज, ओंजळ धर खाली आन बघ. माझी हिंमत नाय.

मनोज : अख्खा आहे, काका. कोंड्यात दाणा नाय.

कोंडू : नीट बघ.

मनोज : तुमीच बघा. धरा ओंजळ.

शकू : अरे, फोन घे की. किती वेळचा वाजतोय तो.

मनोज : हां, बोल. नाय, पोती नाय यायची. टेंपो रिकामाच ने तू. काय? मोठ्यानं बोल, ऐकू येत नाय. गिरणी चालू आहे आमची.