पाट्यावानी फरशी

माहा बाप पाटे टाकवायचा. मोहाडीच्या आसपास गावोगाव हिंडायचा, पाटे टाकवून घ्याऽ असा ओरडायचा, आन् झिजलेल्या पाट्याले टाकी लावून, म्हंजे छिन्नीचे ठोके मारून, पुन्हा खरबरीत करून द्यायचा, कारन गुळगुळीत पाट्यावर मिरची वाटल्या जात नाही, नुसती घसरते. मले त्याची भारी लाज. मंग मिक्सर आले, बापाचा धंदा बसला, बापही गेला, आन् मी शिकलो मार्बल घासाचं काम. म्हंजे पाहा, बापानं जनमभर गुळगुळीत दगड खरबरीत केला आन् पोरानं खरबरीत गुळगुळीत. खानदानच उलटं आमचं.

काय सांगू तुम्हाले, भंडाऱ्याच्या बंगल्यांत बाया माह्या फरशीत पाहून टिकली नीट करत. मले वाटलं, आपल्याच घरी काहून नाही? उरलेसुरले तुकडे आनून समोरच्या खोलीत बसवले, शेनाचं सारवन त्याच्याखाली गाडलं, आन् मशीन अशी फिरवली का देवाजवळचा दिवा खालीही दिसे. माय दारात आली, खाली पाहिलं, आन् लुगडं घोट्याच्या वर उचलून धरलं. बोडीच्या, म्हंजे लहान तळ्याच्या, पान्यात उतरते ना बाई, तशी. सारे हासले, सगळ्यात जास्त मी. म्हनलं, माय, पानी नाही, संगमरवर आहे, ताजमहालाचा दगड. ते म्हने, मंग ताजमहालात ठेवते तसं मेलेलंच मानूस ठेव इथं.

धानाच्या रोवनीच्या दिवसात माय ओल्या पायानं घरात आली आन् सरकत गेली भिंतीपावतर. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून बहिन तिले पवनीले घेऊन गेली, आन् माय म्हने, त्या घरी आता मी येत नाही. मी सतरंजी अंथरली, तर सतरंजीच घसरे. आनाले गेलो का माय नाहीच म्हने. एका खेपेले तिनंच विचारलं, घरी टाकी आहे का रे? मी खुश. म्हनलं, आहे ना माय, छतावर, नवीन, प्लास्टिकची, पान्याची फिकर नको करू. तिनं माह्याकडे पाहिलं आन् भिंतीकडे तोंड केलं. बहिन म्हने, अरे येड्या, बाबाची टाकी विचारून राहिली ते.

मंग गोठ्यात खोचलेली ते गंजकी टाकी काढली आन् बसलो माह्याच आरशावर ठोके मारत. पहिल्याच ठोक्यात एक फरशी चिरली. मार्बल काही पाट्याचा दगड नाही, हलका हात पाहिजे, आन् बापाचा हात मी कधी नीट पाहिलाच नाही.

खोली टाकवून झाली, बहिनीले निरोप धाडला, मंग माय आली. वॉकर धरून दारात उभी राहिली, तळपाय घासून पाहिला, लुगडं नाही उचललं. म्हने, ठोके वाकडेतिकडे मारले बेट्या, तुह्या बापाच्या जागी तू असता तर उपाशी मेलो असतो आपन. पन आत आली.

आता गिऱ्हाईक माह्या कामाचा नमुना म्हनून घर पाहाले येते, फरशी पाहते आन् चहा न पेता जाते. त्या खड्ड्यांत हळद शिरली, ते निघत नाही. मायची चालही पहिल्यावानी होत नाही, डॉक्टर म्हने असंच राहीन. दिवसभर ते या भिंतीपासून त्या भिंतीपावतर जाऊन राहिली. वॉकरची टकटक येते, वाटते बाप पाटा टाकवून राहिला. टकटक थांबली का माहा हात जागीच थांबते. पुन्हा सुरू झाली का म्हनतो, चालू दे रे बाप्पा, चालू दे.