कासवीची नजर

(कुकटपल्लीतलं घर. सासू पद्मावती पाळण्याखाली झाडतेय, सून त्रिवेणी बॅग भरतेय. बाळ पाळण्यात झोपलंय.)

पद्मावती : वाळवी न्हाई गं ही. वाळवी माती आणती. ही भुकटी बघ, पिठावानी. भुंगा लागलाय पाळण्याला.

त्रिवेणी : तुमचे शिवराज ज्यात वाढले त्याला?

पद्मावती : हौ. माय फटीत अंडी घालून कवाच उडून गेली. पिल्लू बसलंय आत लाकूड खात. कसली म्हणावी ती माय.

त्रिवेणी : मला बोलताय, आत्याबाई?

पद्मावती : किड्याला बोलले. तुला का लागलं?

त्रिवेणी : आठ महिन्यांची पोर टाकून दोन वर्षं जर्मनीला चाललेय. लागणारच.

पद्मावती : शिवराज पडल्यापास्नं अंथरुणावर. इथलं तुझं हापिस बंद. तू न्हाई गेलीस तर चूल कशी पेटायची? मला काय कळत न्हाई का?

त्रिवेणी : भुंग्याची आई बरी. लेकराला अन्नातच ठेवून गेली. मी काल कडुलिंब लावून दूध तोडायला बघितलं हिचं.

पद्मावती : सुटली?

त्रिवेणी : तोंड वाकडं केलं. तरी पीत राहिली.

पद्मावती : कासवी कुठं दूध पाजती? नुसत्या नजरेनं पोसती पिलाला. तू बी फोनवर बघत जा. माईची नजर लांबून बी पोचती.

त्रिवेणी : लग्नानंतर विशाखापट्टणमला समुद्रातली कासवी पाहिली आम्ही. वाळूत खड्डा केला, अंडी घातली, वर वाळू लोटली आणि गेली पाण्यात.

पद्मावती : मग बघत कुठनं बसती?

त्रिवेणी : कुठूनच नाही. वळूनसुद्धा पाहिलं नाही तिनं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिथला माणूस म्हणाला, रडत नाही अम्मा, मीठ बाहेर टाकतेय.

पद्मावती : आन् पिलं?

त्रिवेणी : आपली आपण निघतात. पुढं मायलेकी शेजारून पोहत गेल्या तरी ओळखत नाहीत.

पद्मावती : एवढी वर्षं देवळातल्या कासवाला हात लावून आत जाते मी. कुणी सांगितलंच न्हाई.

त्रिवेणी : सकाळी आतल्या खोलीतून व्हिडिओ कॉल लावून बघितला. माझ्याकडं बघितलंच नाही हिनं. फोन चाटत बसली.

पद्मावती : शिकंल.

त्रिवेणी : तुम्हालाच आई म्हणायला शिकेल.

पद्मावती : मी सांगीन की रोज. मी न्हाई, ती बघ, फोनातली.

त्रिवेणी : ऐकेल?

पद्मावती : न्हाई.

त्रिवेणी : खाली टॅक्सी आली. त्या भोकांत रॉकेल घालू नका हां. हिला वास येईल.

पद्मावती : न्हाई घालत. नीघ तू. आन् जिना उतरताना...

त्रिवेणी : काय?

पद्मावती : कासवी वळून बघत न्हाई म्हणलीस ना. तू बी बघू नको.