तासभर शांत जमीन

...अहो, मागणं काय मोठं होतं का माझं? तासभर शांत जमीन, बास! चाकणच्या अलीकडं आमच्या कंपनीनं खोल बोअर मारलंय, खालच्या गरम खडकात पाणी सोडायचं, वाफ वर आणून वीज करायची... करा की! पण पाणी सोडलं की खाली बारीक धक्के बसू शकतात, ते टिपायला जमिनीत यंत्र पुरलंय आणि त्याचा राखणदार मी, सिद्धेश. आधी शांत जमिनीची नोंद पाहिजे, तर पुढं खरा धक्का ओळखू येणार. हेड ऑफिसच्या मोनिका मॅडम फोनवर म्हणतात, "या आठवड्यात नोंद नाही मिळाली तर यंत्र काढून घेऊ, पाणी तसंच सोडू." तसंच? तुम्हाला सांगतो, मी किल्लारीकडचा. जमीन हलण्याची आमच्या घराला अजून भीती वाटते. ठरवलं, यंत्र इथून हलू द्यायचं नाही!

शेजारी फोर्जिंगचा कारखाना, लोखंड ठोकायचा हातोडा रात्रंदिवस धाड धाड! म्हटलं, गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, तेव्हा घेऊ. गुरुवारी हातोडा बंद... आणि मोबाईलवर यंत्राची रेघ नाचतेय! पळालो. यंत्राच्या सिमेंटच्या झाकणावर शेजारच्या वस्तीवरच्या सारजाबाई गोधडी बडवतायत!

"आजी, हे भूकंपाचं यंत्र हाय!"

"मंग? एवढा चांगला धोंडा कंपनीनं दिलाय, वापरू नको व्हय?"

त्यांना हातापाया पडून उठवलं, तरी रेघ नाचतेच! का? सुट्टी ना, अख्खा गाव घाटात, म्हणजे बैलगाडा पळवायच्या धावपट्टीवर, शर्यतीच्या बैलांचा सराव! तासभर शांत जमीन हो, कुणाच्या बापाचं काय जातंय?

बैलवाले दौलतराव म्हणाले, "तुमचं यंत्र उगी ऱ्हाईना तर त्याला वेसण घाला, राव. माझा बैल थांबायचा न्हाई."

मी घाटातच मांडी घालून बसलो. म्हटलं, "दौलतराव, आमच्याकडं त्या रात्री जमिनीचं ऐकायला कुणी नव्हतं. म्हणून मी इथं ऐकत बसलोय."

दौलतरावांनी बैल सावलीला नेले, गडी खाली बसवले. मी यंत्रापाशी परतलो, तिथं सारजाबाई खोकला दाबून बसल्या! रेघ सरळ... सरळ... तास भरतच आला आणि मला असा आनंद झाला, असा आनंद झाला, की त्याच झाकणावर टुणकन उडी मारली!

लगेच फोन. "सिद्धेश, शेवटी हा एवढा धक्का कसला? बैल?"

"नाही मॅडम... स्टाफ."

"पुढचा गुरुवार. शेवटचा!"

दौलतरावांनी खांद्यावर हात ठेवला. "घोर करू नका. बैल गप ठेवतो. तेवढं तुमाला दावणीला बांधावं लागंल."

काय करता? म्हटलं... बांधा.