डावी बाजू बंद

लोरेटा: हे काही मला सांगू नका, एमिलराव. तुमचा तो ओहायोतला लाकडी रोलर कोस्टर, ट्विन फ्लायर, मी दोनदा बघितलाय. आमच्या डर्बीहून नऊ फूट बुटका, आणि मधला उतार असा की माझी सासू झोपेत उतरली असती.

एमिल: उंचीचं काय घेऊन बसलात, बाई. शर्यत बघा. लाल आणि निळी, दोन्ही गाड्या एकाच वेळी सुटायच्या. शेवटच्या वळणावर माणसं हात लांब करून पलीकडच्याला टाळी द्यायची. गावात लालवाली घरं होती, निळीवाली घरं होती. माझी आई निळीत बसायची, म्हणून आजोबांनी तिला सून करून घ्यायला चक्क नाही म्हटलं होतं.

लोरेटा: मग तुम्ही कुठून आलात?

एमिल: एका रविवारी ती सगळ्यांदेखत लालमध्ये जाऊन बसली. आजोबा खाली उभे राहून बघत होते. महिन्याभरात लग्न लागलं.

लोरेटा: आणि आता त्या पार्कलाच कुलूप. अडतीस वर्षं तुम्ही ठोकलेला एकेक खिळा गेला भंगारात.

एमिल: लाकूड जाळलं त्यांनी. मी बघायला गेलो नाही, माझी बायको वेरोना गेली होती. घरी येऊन भांडी घासत बसली. घासलेलीच परत घासत होती. लग्नाच्या वाढदिवसाला ती दर वर्षी फ्लायरमध्ये बसायची. मी खाली उभा.

लोरेटा: तुम्ही का नाही बसायचात?

एमिल: जो पहाटे रूळ चालत तपासतो, तो गाडीत बसत नाही. आमच्याकडे रीतच होती तशी. एकदा बसून बघितलं की माणसाला वाटतं, चालतंय ना सगळं. मग दुसऱ्या दिवशी हातोडी हळू पडते.

लोरेटा: आमचा वॉल्ट उलटा. पहाटे रूळ चालणार आणि दहा वाजता पहिल्या गाडीत स्वतः बसणार. हृदयाचं ऑपरेशन व्हायच्या आदल्या दिवशीसुद्धा बसला मेला. त्याच्या जागी तुम्ही येऊन तीन आठवडे झाले, पण गाडी सुटताना तुम्हाला मी आजच बघतेय. एरवी गेट उघडायच्या आत घर गाठता. घ्या, पिरोगी घ्या, बटाट्याच्या सारणात कांदा जास्त आहे, पण चालेल तुम्हाला.

एमिल: आज आमचा एक्केचाळिसावा वाढदिवस. ती मागे लागली होती, फ्लायर नाही तर नाही, तुमच्या डर्बीत तरी बसू दे. काल म्हटलं, बस. उजव्या बाजूचा एकेक बोल्ट मी हातोडी मारून ऐकलाय. खणखणीत आहे. मी हमी दिली म्हणून ती आली, नाहीतर इथलं तिला काही आवडत नाही.

लोरेटा: शर्यत मात्र नाही बघायला मिळणार तिला. नवा साहेब सकाळी येऊन सांगून गेला, आज एकच गाडी सोडा, दुसरी शेडमध्ये राहू दे. कारण काही बोलला नाही. मला वाटलं, चाकाचं काही असेल.

एमिल: चाक नाही. तिसऱ्या उताराच्या तळाशी डाव्या रुळाखालची फळी चिरलीय. हातभर चीर आहे, आणि तिथले बोल्ट नुसत्या बोटांनी फिरतात. भरलेली गाडी तिथून जाता कामा नये. मी साहेबाला लिहून दिलं, तोंडानेही सांगितलं, डावी बाजू बंद ठेवा, सोमवारी फळी बदलू, तोवर उजवी चालवा. तो म्हणाला, म्हणजे एकच गाडी ना, ठीक आहे.

लोरेटा: डावी बाजू बंद, असं म्हणालात?

एमिल: हो. फ्लायरला कितीदा तसं केलंय. एक बंद, एक चालू.

लोरेटा: एमिलराव, इथे डावी बाजू बंद होत नाही.

एमिल: का नाही होत?

लोरेटा: इथे रूळ एकच आहे. दिसायला दोन. उजव्या फलाटावरून सुटलेली गाडी फिरून डाव्या फलाटावर येते. पुढच्या फेरीला ती डावीकडून निघते, तेव्हा कुठे परत उजवीकडे येते. गुडघे गेले म्हणून आता मी इथे खाली तिकिटं फाडते, पण बावीस वर्षं वर गाडीच्या ब्रेकचा दांडा ओढलाय मी. मला झोपेतून उठवून विचारा.

एमिल: मागच्या वळणावर एक रूळ दुसऱ्याखालून जातो, तो बघितलाय मी. आमच्याकडेही जायचा. पुढच्या वळणावर परत आपल्या जागी यायचा.

लोरेटा: इथे येत नाही.

एमिल: मी रोज तिथून चालतो, बाई. मधल्या फळ्यांवरून, दोन्हीकडे हातोडी मारत. मी मान वर करून बघितलंच नाही. मी धरून चाललो, की येत असणार.

लोरेटा: सकाळपासून रिकाम्या फेऱ्या किती झाल्या? मी मागे पाणी भरायला गेले होते.

एमिल: एक ऐकली मी. एकच.

लोरेटा: म्हणजे उजवीकडून गेली. आता गाडी डाव्या फलाटावर उभी आहे.

एमिल: वेरोना त्या गाडीत बसली असेल.

लोरेटा: तिच्याबरोबर चर्चच्या वीसेक बायका आहेत. टोप्या काढतील, पर्सा ठेवतील, कोण कोणाशेजारी यावर वाद घालतील. वेळ आहे. मी वर फोन लावते. तुम्ही उठू नका, त्या कमरेने बावन्न पायऱ्या चढणार आहात का? बसा म्हणते ना.

(गाडी चढणीवर ओढणाऱ्या साखळीची कटकट सुरू होते.)

एमिल: सुटली.

लोरेटा: घंटी जातेय, वरचा डेल उचलत नाहीये. गाडी सोडली की तो फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहतो.

एमिल: माथ्यावर पोचायला किती लागतं?

लोरेटा: पन्नास सेकंद.

एमिल: मीच तिला म्हटलं, पहिल्या डब्यात बस, वरून नदी दिसते.

लोरेटा: उचल रे बाबा, उचल. डेल? साखळी थांबव. आत्ताच्या आत्ता. लाल बटण दाब, का ते मागाहून विचार. दाब म्हणते ना.

एमिल: कटकट थांबली. बाई, गाडी माथ्यावरून पलीकडे गेली तरी ती थांबते.

लोरेटा: गप्प बसा जरा, ऐकू दे. डेल, कुठे आहे गाडी? नीट बघून सांग. हं. हं. उभी आहे, एमिलराव. माथ्याच्या दहा फूट खाली, साखळीवरच. एकेकीला बाजूच्या पायऱ्यांवरून उतरवतायत.

एमिल: वेरोना?

लोरेटा: डेल म्हणतो, पहिल्या डब्यातली म्हातारी उतरायला तयार नाही. म्हणते, माझ्या नवऱ्याने तपासलेली गाडी आहे, मी कशाला उतरू.

एमिल: तीच ती.

लोरेटा: ही घ्या कॉफी. दोन्ही हातांनी धरा. मी आधी गेट लावते, मग साहेबाकडे जाते.

एमिल: साहेबाला मी सांगेन. तिलाही मीच सांगेन. माझ्या शब्दावर बसली होती ती. मी तिला माझ्याच हाताने त्या फळीवर पाठवत होतो.

लोरेटा: एक विचारू का? डावी बाजू बंद ठेवा, असं साहेबाला आजच पहिल्यांदा सांगितलंत ना?

एमिल: गेल्या शनिवारीही सांगितलं होतं. त्याच जागचे चार नट ढिले सापडले. मापाचे नट नव्हते, म्हटलं आजचा दिवस डावी बंद. रविवारी पहाटे आवळले. तेव्हा फळी धड वाटली होती मला.

लोरेटा: शनिवारी दिवसभर एक गाडी चालली. पुरे नऊ तास.

एमिल: म्हणजे निम्म्या फेऱ्या त्या ढिल्या नटांवरून गेल्या. म्हणूनच चिरली ती. पण कुणाला काही झालं नाही, बाई. कुणाला काही झालं असतं तर मला कळलं असतं.

लोरेटा: नाही झालं. शनिवारी गर्दी नव्हती, म्हणून मीच माझ्या नातीला म्हटलं, उतरू नकोस, बसून राहा. सात फेऱ्या बसली होती ती.